हृदयविकारानंतरचे पुनर्वसन : आई दोन दिवस जाऊन थांबली, आता काय करावे?

पहाटवारा (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ६३ वर्षांची आहे. सात आठवड्यांपूर्वी तिला हृदयविकाराचा झटका आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला गेला आणि चौथ्या दिवशी तिला घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली, अगदी शेवटच्या ओळीत ‘कार्डियाक रिहॅबसाठी (म्हणजे झटक्यानंतर देखरेखीखाली व्यायाम करून घेणाऱ्या पुनर्वसन कार्यक्रमासाठी) संपर्क साधावा’ अशा अर्थाचे लिहिले होते. त्याविषयी तोंडी मात्र कोणीच काही सांगितले नाही. डॉक्टर ‘रोज थोडे चाला, गोळ्या चुकवू नका’ म्हणाले आणि आम्ही तेवढेच लक्षात ठेवले. ती ओळ माझ्या नजरेस पडली तीन आठवड्यांनी, विम्याचे कागद लावताना.

मग चौकशी करून मी तिचे नाव नोंदवले. आठवड्यातून तीन दिवस याप्रमाणे १२ आठवडे, म्हणजे एकूण ३६ सत्रे असा तो कार्यक्रम आहे. आई दोन सत्रांना गेली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नको म्हणाली. तिची कारणे तिच्याच शब्दांत देते, कारण त्यांतले कोणते खरे आणि कोणते नुसते पुढे केलेले, हे मला ठरवता येत नाही. ‘तिथे सगळे पुरुषच आहेत. माझे गुडघे दुखतात. घरात दिवसभर राबते, तो व्यायाम नाही तर काय? तू नोकरी सोडून माझी ने-आण करणार का? आणि आता मला बरे वाटते आहे.’

एक गोष्ट मला फार टोचते आहे. सहा वर्षांपूर्वी बाबांची बायपास शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांनी असाच कार्यक्रम एकही सत्र न चुकवता पूर्ण केला होता. आज आठवून पाहते तर त्या प्रत्येक सत्रामागे आई उभी दिसते. बूट दाराशी काढून ठेवणे, गोळी वेळेवर हातात देणे, बरोबर जाणे, परत आल्यावर त्यांना कोणी उठवू नये म्हणून दार लोटून घेणे, आणि निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत रोजचा रक्तदाब, नाडीचे ठोके व चाललेली मिनिटे लिहून ठेवणे, हे सगळे तिने तीन महिने केले. ती वही अजून कपाटात आहे. आईसाठी मात्र आमच्यापैकी कोणीही अशी वही घातलेली नाही.

मला जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या कार्यक्रमाचा उपयोग खरोखर इतका आहे का, की त्यासाठी आईच्या मनाविरुद्ध आग्रह धरावा? घरी रोज चालणे पुरेसे नाही का? आणि आग्रह धरायचाच असेल, तर तिला अपराधी न वाटू देता तो कसा धरावा?


एक_फिजिओ

मी हृदय-पुनर्वसन केंद्रात चौदा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. आपल्या आईची कारणे मी या काळात अनेक स्त्रियांच्या तोंडून, जवळपास याच शब्दांत ऐकली आहेत. त्यातले एकही कारण मला खोटे वाटत नाही.

आधी उपयोगाविषयी. या विषयावर रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक चाचण्यांचा एकत्रित आढावा, वैद्यकीय संशोधनाचे असे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये पुन्हा घेतला. त्यात ८५ चाचण्या आणि २३,००० हून अधिक रुग्ण होते. व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनामुळे हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी झालेला आढळला, पुन्हा झटका येण्याचे आणि पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागण्याचे प्रमाणही घटले. या चाचण्यांमध्ये स्त्रिया फार थोड्या होत्या, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून मी त्याच्या जोडीला कॅनडातील अल्बर्टा प्रांतातील सुमारे २६,००० रुग्णांच्या नोंदींचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ठेवते. तेथे स्त्रियांना पुनर्वसनासाठी कमी प्रमाणात पाठवले गेले होते, पण ज्यांनी कार्यक्रम पूर्ण केला, त्यांच्यातील मृत्यूंची घट पुरुषांमधील घटीपेक्षाही मोठी होती. मुळात ज्यांची प्रकृती बरी असते तेच लोक कार्यक्रम पूर्ण करतात, त्यामुळे अशा नोंदींतून निघणारा फायदा थोडा फुगलेला असू शकतो. तरीही ‘हे बायकांसाठी नाही’ असे म्हणायला त्यात कोठेही आधार सापडत नाही.

आता डिस्चार्ज कार्डावरच्या त्या शेवटच्या ओळीविषयी, कारण खरी गळती तेथेच होते. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात असे दिसले की, पात्र पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्के जणांना पुनर्वसनासाठी पाठवले जाते, स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के. अमेरिकेत सरकारी विम्याखालील वयस्कर रुग्णांच्या २०१६ मधील नोंदी पाहिल्या, तर प्रत्यक्ष एखाद्या तरी सत्राला गेलेले पुरुष सुमारे २९ टक्के आणि स्त्रिया सुमारे १९ टक्के होत्या. म्हणजे घरात ‘जाऊ की नको’ हा विचार सुरू होण्याच्या आधीच बऱ्याच स्त्रिया रुग्णालयाच्या दारातच गळालेल्या असतात. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ११ रुग्णालयांत एक साधी गोष्ट करून पाहिली गेली : पात्र रुग्णाची चिठ्ठी आपोआप पुनर्वसन केंद्राकडे जाईल अशी व्यवस्था केली, आणि घरी सोडण्यापूर्वी कोणीतरी खाटेशेजारी बसून त्या रुग्णाशी बोलले. नेहमीच्या पद्धतीत ३२ टक्के रुग्ण पाठवले जात होते, या दोन्ही गोष्टी एकत्र केल्यावर ते प्रमाण ८६ टक्क्यांवर गेले. आपल्या आईच्या वाट्याला ते खाटेशेजारचे बोलणे आलेच नाही. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांना आईसमोर स्पष्ट विचारा की, ‘हिने पुनर्वसनाला जावे असे आपले मत आहे का?’ आणि त्यांचे उत्तर त्यांनीच तिला सांगू द्या. डॉक्टरांनी स्वतः ठामपणे सांगितले की रुग्ण, विशेषतः स्त्री रुग्ण, जाण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांतही दिसले आहे आणि मी रोज पाहते.

‘घरात राबते, तोच व्यायाम’ या म्हणण्याकडे जरा थांबून पाहू या. आईचे थकणे खरे आहे, पण ते थकणे आणि हृदयाची क्षमता वाढणे या निराळ्या गोष्टी आहेत. घरकाम तुकड्यातुकड्यांनी होते : दोन मिनिटे वाकणे, पाच मिनिटे एका जागी उभे राहणे, मध्येच काही उचलणे, पुन्हा थांबणे. हृदयाला सवय लागण्यासाठी जे लागते, म्हणजे मोठ्या स्नायूंची लयबद्ध हालचाल, सलग वीस-तीस मिनिटे, दर आठवड्याला थोडी वाढत जाणारी, ते यात क्वचितच मिळते. उलट हातांनी केलेल्या कामात, विशेषतः हात खांद्याच्या वर नेऊन केलेल्या कामात, तेवढ्याच श्रमाला रक्तदाब आणि नाडी पायांच्या कामापेक्षा जास्त चढतात. म्हणजे ज्या कामाने ती दमते, त्याने तिच्या हृदयावर ताण पडतो, पण ताकद वाढत नाही. व्यायामाची क्षमता ‘मेट’ या एककात मोजतात, शांत बसलेल्या माणसाचा एक मेट धरतात. निरोगी स्त्रियांच्या २००३ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, क्षमता एका मेटने जास्त असली की मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी कमी आढळला होता. नेमाने केलेल्या बारा आठवड्यांत एवढी वाढ पुष्कळ जणींना साधता येते, आणि ज्या फार खालून सुरुवात करतात त्यांना तर ती स्वतःलाच जाणवते.

गुडघेदुखी हे थांबण्याचे कारण नाही, व्यायाम बदलण्याचे कारण आहे. पाठीला आधार असलेली सायकल, खुर्चीवर बसून करायचे व्यायाम, चालण्याचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद वाढवणे, एवढ्याने बहुतेक वेळा मार्ग निघतो. तिला पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर चढवले असेल, तर ती चूक आमच्या व्यवसायातील आहे.

काही कारणे मात्र स्त्रिया मुलीलाही सांगत नाहीत, म्हणून ती मी येथे लिहिते. जोरात चालताना किंवा खोकताना लघवी निसटते, हे प्रौढ स्त्रियांमध्ये फार सर्रास असते आणि पुरुषांच्या घोळक्यात ट्रेडमिलवर उभ्या असलेल्या बाईच्या मनात त्या वेळी दुसरा कुठलाच विचार नसतो. त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत आणि ते शिकवणे आमचेच काम आहे. दुसरी गोष्ट ईसीजीच्या चिकटपट्ट्यांची. त्या लावण्यासाठी छाती उघडी करावी लागते, काही पट्ट्या स्तनाखाली लावाव्या लागतात. पडदा नसेल, लावणारा पुरुष असेल आणि ‘मी लावू का?’ असे कोणी विचारत नसेल, तर ती बाई पुन्हा येत नाही आणि फोनवर ‘गुडघे दुखतात’ असे सांगते. आईला एकांतात, सहज, या दोन्हींविषयी विचारून पाहा.


नव्याने_चालणारी

मी ४९ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी मला झटका आला, पण माझ्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर नव्हता. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीचा आतला पदर आपोआप फाटला होता. हा विकार ज्यांना होतो त्यांच्यात सुमारे ९० टक्के स्त्रिया असतात, हे मला नंतर कळले. ज्या रुग्णालयात मी होते तेथे मला सांगण्यात आले की, ‘तुम्ही तरुण आहात, ब्लॉकेज नाही, तुम्हाला रिहॅबची गरज नाही.’ त्या वाक्याने मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मी घरी आले आणि जिना चढायला घाबरू लागले. जी वाहिनी कारणावाचून एकदा फाटली, ती दुसऱ्यांदा का फाटणार नाही, या विचाराने मी चार महिने कपड्यांची बादलीसुद्धा उचलली नाही आणि रात्री स्वतःच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजत पडून राहिले.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन मी गेले. गटात अकरा जण होते आणि त्यात मी एकटीच स्त्री होते, त्यामुळे पहाटवारा, तुमच्या आईला काय वाटले असेल ते मला न सांगता कळते. पहिल्या दिवशी सायकल चालवताना माझ्या मॉनिटरचा गजर वाजला. माझे पाय जागच्या जागी थिजले. फिजिओताई घाई न करता आल्या, त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग माझ्या मनगटावर बोटे ठेवली, आणि म्हणाल्या, ‘पट्टी सुटली आहे, तुमचे ठोके अगदी ठीक आहेत, हे पाहा.’ घामाने सैल झालेली पट्टी त्यांनी अंगठ्याने दाबून बसवली आणि पडद्यावरची ठोक्यांची रेघ पुन्हा नीट उमटू लागली. चार महिने मी ज्या आवाजाची वाट पाहत होते, तो आवाज झाला आणि मला काहीही झाले नाही. माझी भीती ओसरायला त्या क्षणापासून सुरुवात झाली. घरी एकटी कितीही चालले असते तरी हे मला मिळाले नसते.

माझ्या विकारामुळे काही पथ्ये होती : श्वास रोखून जड वजन उचलायचे नाही, दम तुटेपर्यंत व्यायाम करायचा नाही. ती मर्यादा नेमकी कोठे आहे हे कोणीतरी मोजून दाखवल्यामुळे तिच्या अलीकडचे सगळे मला मोकळे झाले. पहिल्या चाचणीत मी सहा मिनिटांत ३४० मीटर चालले होते, शेवटच्या चाचणीत ४५५ मीटर. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की आता मी बादली उचलते.

एक सूचना करते. झटक्यानंतर येणारे औदासीन्य पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते आणि औदासीन्य असलेला माणूस कार्यक्रम अर्धवट सोडण्याची शक्यताही अधिक असते. ‘मला आता बरे वाटते आहे’ हे वाक्य मीही चार महिने सर्वांना सांगत होते. आईला झोप लागते का, पूर्वी जे मनापासून करायची ते अजून करते का, एवढे पाहा. नसेल, तर तसे केंद्रात सांगा. मानसिक आधार हा पुनर्वसनाचाच भाग आहे, वेगळी मागणी नाही.


शांतसंध्या

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी आदराने मांडतो. माझ्या पत्नीला तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. तिनेही केंद्रात जायला ठाम नकार दिला. मी आग्रह केला नाही, कारण आजारपणानंतर स्वतःच्या शरीराविषयी तिने घेतलेला तो पहिला निर्णय होता आणि तो मोडून काढणे मला बरोबर वाटले नाही. आम्ही दोघे रोज सकाळी चाळीस मिनिटे चालतो, तिचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात आहेत. केंद्रात जाण्याचा ताणच जर बाईला सोसत नसेल, तर घरच्या घरी नेमाने चालणे हाही मार्ग आहे असे मला वाटते.


एक_फिजिओ

शांतसंध्या, आपल्या पत्नीबरोबर आपण तीन वर्षे रोज चालत आहात, ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि ‘घरच्या घरी’ या मुद्द्यावर मी आपल्याशी निम्म्याहून अधिक सहमत आहे. घरी करण्याच्या पुनर्वसनाची केंद्रातील पुनर्वसनाशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत, पहिल्या वर्षभरातले परिणाम दोन्हीकडे सारखेच दिसले आहेत. पण त्या चाचण्यांतील ‘घरी’ म्हणजे मनाला येईल तसे चालणे नव्हे. त्यात सुरुवातीला तपासणी व चालण्याची किंवा ताणाची चाचणी होते, त्यावरून व्यायामाची मात्रा लिहून दिली जाते, फोनवर किंवा व्हिडिओवर ठरलेल्या दिवशी कोणीतरी विचारपूस करते, मात्रा वाढवते, औषधे आणि रक्तदाब पाहते. आपल्या घरी ते काम बहुधा आपणच केले. सर्व घरांत असे कोणी नसते, आणि पहाटवारा यांच्या घरात ते काम आजवर जी करत होती, तीच आज रुग्ण आहे.

चालताना मात्रा कशी ओळखावी, हे विचारले नसले तरी सांगते. बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर नाडी मुळातच दबलेली असते, त्यामुळे नुसत्या ठोक्यांवर विसंबू नये. किती श्रम वाटतात हे रुग्णाने स्वतःच सांगायची ६ ते २० अशी श्रमाची मोजपट्टी आम्ही वापरतो आणि सुरुवातीला साधारण ११ ते १३ च्या आसपास, म्हणजे ‘हलके’ ते ‘काहीसे जड’ या मर्यादेत ठेवतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, अशी सोपी खूण आहे. छातीत दाटणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर, जबडा किंवा पाठीत कळ, किंवा एकाएकी आलेला अनाकलनीय थकवा जाणवला तर तेथेच थांबायचे, आणि तो त्रास विसाव्याने जात नसेल तर तातडीने मदत मागवायची. स्त्रियांमध्ये छातीच्या दुखण्याबरोबर ही इतर लक्षणे अधिक वेळा असतात, म्हणून त्यांचा उल्लेख वेगळा केला.

‘सगळे पुरुषच’ या अडचणीविषयी लोकांना वाटते की केवळ स्त्रियांचा वेगळा गट केला की प्रश्न सुटेल. ते तितके सरळ नाही. कॅनडात १६९ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन प्रकारांत वाटून, म्हणजे मिश्र गट, केवळ स्त्रियांचा गट आणि घरचा कार्यक्रम, पाहण्यात आले, तर सत्रे पूर्ण करण्याच्या प्रमाणात या तिन्हींमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. दुसरीकडे फ्लोरिडातील २५२ स्त्रियांच्या चाचणीत, केवळ स्त्रियांच्या गटाबरोबरच प्रत्येकीशी तिच्या अडचणी समजून घेणारा, तिच्याच तोंडून कारणे काढून घेणारा संवादही ठेवला होता. तेथे व्यायामाच्या सत्रांची हजेरी ९० टक्के राहिली, तर नेहमीच्या कार्यक्रमात ती ७७ टक्के होती. मला यातून असे वाटते की, गटात कोण आहे यापेक्षा आपल्याशी कोण आणि कसे बोलते, याने जास्त फरक पडतो. केंद्र, घर किंवा दोन्हींचे मिश्रण यांपैकी काय हवे, ते स्त्रीला निवडू द्यावे, असेच २०२२ मधील स्त्रीकेंद्री पुनर्वसनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

म्हणून आपल्या मुद्द्यातील एक शब्द मी बदलू इच्छिते. नकाराचा मान राखलाच पाहिजे, पण तो नकार सगळे पर्याय समोर ठेवल्यावर आलेला असावा. पहाटवारा यांच्या आईपुढे आजवर एकच पर्याय होता.


सोबतीण_परिचारिका

मी समन्वयक परिचारिका आहे. सत्रे चुकवणाऱ्यांना फोन करणे हे माझ्या कामातील मोठे काम आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नावर, म्हणजे कसे बोलावे यावर, थोडे लिहिते.

पुरुष रुग्ण येत नाही तेव्हा बहुधा ‘कामावर रुजू झालो’ असे सांगतो. स्त्री सांगते ‘वेळ नाही’. सुरुवातीला मी तिला वेळ कसा काढायचा ते समजावून सांगत असे आणि ती ‘बरे’ म्हणून फोन ठेवत असे. आता मी एवढेच विचारते : ‘तुम्ही दहा ते बारा येथे असाल, तेव्हा घरी कोणते काम अडेल?’ मग खरी यादी येते. नातवंडाला शाळेतून आणायचे असते, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे औषध असते, गाडी चालवता येत नाही आणि कोणाला विचारायचा संकोच असतो. त्या यादीतील प्रत्येक कामापुढे घरातील दुसऱ्या कोणाचे तरी नाव लिहून झाल्याशिवाय ती येणार नाही, आणि ती नावे तिने नव्हे, तुम्ही लिहायची आहेत. झटका येतो तेव्हा स्त्रिया साधारणपणे पुरुषांपेक्षा वयाने मोठ्या असतात, त्यांना मधुमेह, सांधेदुखी असे इतर आजारही अधिक असतात, आणि त्याच वयात घरातील इतरांची काळजी त्यांच्याकडे असते. ‘तुझ्यासाठी म्हणून तू जा’ हे वाक्य अशा बाईला ओझ्यासारखे वाटते, कारण त्याचा अर्थ तिच्या लेखी ‘आणखी एक काम कर’ असा होतो.

‘तू गेलीच पाहिजेस’ याने सुरुवात करू नका. तिला काय पुन्हा करता यायला हवे आहे, ते विचारा आणि उत्तराची वाट पाहा. एका आजींनी मला ‘मला माळ्यावरचा डबा हात वर करून काढता यायला हवा’ असे सांगितले होते. त्यांच्या व्यायामाची आखणी आम्ही त्या डब्यापासून उलटी केली. आणखी एक गोष्ट अशी की, शक्य असल्यास पहिली चार-पाच सत्रे कोणीतरी सोबत या. मध्ये खंड पडला म्हणून नाव कापले गेले असेल असे समजू नका, बहुतेक केंद्रे पुन्हा घेतात. फोन तुम्ही करा, तिला करायला लावू नका. थांबलेल्या माणसाला परत यायची लाज वाटते.


पहाटवारा

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून काय घडले ते लिहिते.

एक_फिजिओ यांनी सांगितले तसे मी आईला एकांतात विचारले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली की पहिल्या दिवशी पट्ट्या लावताना पडदा अर्धा उघडा होता आणि पलीकडे दोघे जण बसले होते. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. इतक्या दिवसांत तिने हे कोणालाही सांगितले नव्हते. मी केंद्रात फोन केला, तेव्हा तेथील बाईंनी सबब न सांगता ऐकून घेतले, चूक मान्य केली आणि पट्ट्या महिला कर्मचारी बंद खोलीत लावेल असे ठरवले. गुडघ्यांसाठी ट्रेडमिलऐवजी सायकल आणि खुर्चीवरचे व्यायाम दिले आहेत. आता ती आठवड्यातून एकदा केंद्रात जाते आणि दोन दिवस घरी करते, घरच्या दिवशी त्यांचा फोन येतो. हृदयरोगतज्ज्ञांना मी तिच्यासमोर प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘अर्थात जायचे, मला वाटले तुम्ही जातच असाल.’ आई परत येताना गाडीत म्हणाली, ‘मग हे आधीच सांगायचे ना.’

दहा ते बारा या वेळेतील कामांची यादी आम्ही केली. ती चौदा ओळींची निघाली. नऊ ओळींपुढे बाबांचे नाव आहे, पाच माझ्याकडे आहेत. पहिल्या आठवड्यात दोन कामे राहून गेली आणि आईने ती उठून केली नाहीत, हे तिला किती जड गेले ते मी पाहिले.

तिला काय करता यायला हवे आहे, याचे उत्तर तिने दोन दिवसांनी दिले : बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी, मध्ये न थांबता चढून जायचे. सध्या ती एक मजला चढून थोडी थांबते.

निळी वही बाबांनी कपाटातून काढली. पुढची पाने त्यांच्या जुन्या आकड्यांनी भरलेली आहेत, म्हणून त्यांनी ती मागच्या बाजूने सुरू केली. काल त्यात लिहिले आहे : सकाळ, रक्तदाब १२८/७८, सायकल १४ मिनिटे, श्रम १२, गुडघा ठीक.